रांगेत शेवटून दुसरा

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माझा विश्वास कागदावर आहे. एकवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे, आणि त्यातली चौदा वर्षं बीएलओचं लोढणं गळ्यात आहे. म्हणजे मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचं, नावं घालायची, नावं काढायची, आणि मतदानाच्या दिवशी आवारात टेबल टाकून 'आजी, तुमची खोली तीन नंबरची' असं घसा बसेपर्यंत ओरडायचं. माझं नाव विजयश्री. गावात सगळे मॅडम म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. सांगायचं आहे ते भीमराजकाकांबद्दल, आणि एका चिठ्ठीबद्दल, जी मला अजून समजलेली नाही.

आमचं गाव तळेगाव–चाकण रस्त्याला लागून आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, सांगितलं तर उद्या दोघंजण भांडायला येतील. मी इथे आले तेव्हा गावात दीड हजार मतदार होते. मग चारी बाजूंनी कंपन्या उभ्या राहिल्या, शेतांच्या जागी खोल्यांच्या चाळी आल्या, आणि लातूर, बीड, परभणी, नांदेडची पोरं-पोरी त्या खोल्यांत राहायला आली. मतदार सहा हजारांवर गेले. शाळा मात्र तीच आणि गेटही तेच. त्यामुळे मतदानाची रांग आवारात दोन वळसे घेते, आणि तीन नंबरच्या खोलीची रांग तर गेटाबाहेर रस्त्यावर जाते.

मतदान सहाला संपतं म्हणजे सहाला शटर खाली, असं नसतं. सहाच्या ठोक्याला जे रांगेत उभे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं, मग आठ वाजोत की नऊ. फक्त त्यानंतर कुणी मागून घुसू नये म्हणून केंद्राध्यक्ष बाहेर येतात, गेट लावून घेतात आणि आपल्या सहीच्या चिठ्ठ्या वाटतात. त्या वाटायच्या शेवटच्या माणसापासून. सगळ्यांत मागे जो उभा असेल त्याला चिठ्ठी नंबर एक, त्याच्या पुढच्याला दोन, असं करत पुढे यायचं. आत मत देताना ती चिठ्ठी परत घेतात. सरकारच्या सगळ्या नियमांत मला मनापासून आवडलेला हा एकच नियम आहे.

आणि दर निवडणुकीला रांगेच्या अगदी शेवटी भीमराजकाका उभे असायचे.

काकांचा जन्म दापोडीचा, रेल्वेलगतच्या गल्लीतला. वडील कारखान्यात हेल्पर. चाकणला कंपन्या येऊ लागल्या तेव्हा काका एका सुट्या भागांच्या कंपनीत सिक्युरिटीत लागले आणि बावीस वर्षं गेटवर उभे राहिले. उंच, वाळके, मिशीला रोज कात्री लावणारे. घरीसुद्धा त्यांचं गेट सुटत नसे. पाहुणा आला की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मग 'या' म्हणायचे. त्यांची बायको प्रभावती मला एकदा म्हणाली होती, "मॅडम, हे गेटवरून रिटायर झाले, पण गेट काय ह्यांच्यातनं रिटायर झालं नाय."

कंपनीत त्यांना 'सहीवाले काका' म्हणत. पासवर सही नसेल तर देव आला तरी आत-बाहेर नाही. एकदा प्लँट मॅनेजरच्या मेव्हण्याची गाडी त्यांनी पाऊण तास गेटवर उभी ठेवली होती, कारण पासवर शिक्का होता, सही नव्हती. लोक म्हणत, हा माणूस फार ताठ. ताठ होतेच, पण त्यामागे एक भीतीही होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी वडिलांनी सांगितलेलं त्यांनी मला सांगितलं होतं. "भीमा, दुसऱ्याची चूक झाली तर चूक म्हणतात, आपली झाली तर जात काढतात. कागद पक्का ठेव." त्यांनी कागद पक्का ठेवला, आणि त्या पक्क्या कागदानंच त्यांचा घात केला.

दोन हजार चौदाची विधानसभा. कंपनीनं कायम कामगारांना पगारी सुट्टी दिली आणि कंत्राटी पोरांना सांगितलं, शिफ्ट करा, दोन तास सवलत मिळेल, सुपरवायझरकडून गेटपास घ्या. प्रेसशॉपमध्ये ज्योतीराम नावाचा हेल्पर होता. लातूरकडचा, बावीस वर्षांचा, गालावर खळी पडायची. त्याचा मतदानाचा फॉर्म मीच भरून घेतला होता. कागदपत्रं घेऊन तो तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी काहीतरी खोट काढून त्याला परत पाठवलं होतं. चौथ्या वेळी नाव लागलं, तेव्हा पठ्ठ्यानं मला पाव किलो पेढे आणून दिले.

मतदानाच्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी ज्योतीराम कंपनीच्या गेटवर आला. हातात पास. पासवर शिक्का होता, सही नव्हती. काका म्हणाले, "सही न्हाई. सहीबिगर गेट उघडत न्हाई." तो म्हणाला, काका, सुपरवायझर दुसऱ्या प्लँटला गेलेत, सहाच्या आत पोचायला पाहिजे, माझं पहिलंच मत आहे. काकांनी मान हलवली. पोरगं पळत परत गेलं. सही घेऊन आलं तेव्हा पाच बेचाळीस झाले होते. काकांनी सही तपासली, वहीत वेळ लिहिली आणि मग गेट उघडलं. ज्योतीराम हसला, निळ्या युनिफॉर्मच्या शर्टातच सायकलवर बसला आणि उभ्यानं पायडल मारत निघाला. वळणावर त्याला कंटेनरनं गाठलं. सहाला पाच मिनिटं कमी होती.

मी तेव्हा माझ्या टेबलावर होते. यादीत त्याच्या नावापुढे खूण व्हायची राहिली म्हणून चिडले होते. म्हटलं, इतका नाचत होता, आणि आलाच नाही.

महिन्याभरानं काका शाळेत आले. दारातच उभे राहिले. "मॅडम, त्याचं नाव काढलं का?" मी म्हटलं, काढावंच लागतं काका, मयताचं नाव ठेवता येत नाही. ते चहा न घेता निघून गेले. मला तेव्हा बरंच काही बोलायला हवं होतं. पेढ्यांचं तरी सांगायला हवं होतं.

त्यानंतरच्या प्रत्येक मतदानाला काका सकाळी सातला शाळेत हजर. मत लगेच द्यायचे नाहीत, गेटाशी बसून राहायचे. म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायची, लेकुरवाळ्या बायांना पुढे पाठवायचं, पाणी फिरवायचं. साडेपाचला उठून रांगेच्या टोकाला लागायचे. कुणी मागून आलं की "तुमी व्हा पुढं" म्हणायचे आणि स्वतः एक पाऊल मागे सरायचे. माझी चिडचिड व्हायची. "काका, मत देऊन मोकळे व्हा की! दिवसभर माशा मारत बसता." ते म्हणायचे, "मागं कुणी राहू नये, मॅडम." सहाला पोलीस गेट लावायला आला की काका गेटाच्या मधोमध उभे असायचे. त्यांना हाताला धरून आत घ्यावं लागायचं, तेव्हा कुठे गेट लागायचं.

चिठ्ठीची गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. दोन हजार एकोणीसच्या लोकसभेला काका मत देऊन निघताना मी सहज विचारलं, "काय काका, नंबर एक ना?" ते म्हणाले, "दोन." मला वाटलं, केंद्राध्यक्ष झोपेत असेल, वाटताना एक चिठ्ठी कुठेतरी पडली असेल. त्याच वर्षी विधानसभेला केंद्राध्यक्ष दुसरे होते, कृषी खात्यातले. काकांच्या हातात पुन्हा दोन नंबरची चिठ्ठी. मागे कुणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मी साहेबांना विचारलं, तर ते वैतागून म्हणाले, "बाई, शेवटच्या माणसापासूनच वाटल्यात. मला शिकवू नका." रात्री चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा एक नंबरची परत आलेली नव्हती.

मग आली दोन हजार चोवीसची, मेमधली लोकसभा. केंद्राध्यक्ष एक बँकेतल्या बाई. काकांना पुन्हा दोन. या वेळी मी बाईंना नीट बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, एक नंबर त्या मुलाला दिली ना, निळ्या शर्टातल्या. मत न देताच गेला वाटतं. मी त्याला बोललेसुद्धा, रांगेत सायकल कशाला आणलीस म्हणून."

त्या बाई नागपूरकडच्या. आमच्या गावात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

मी चार दिवस नीट जेवले नाही. पाचव्या दिवशी काकांच्या घरी गेले आणि सरळ विचारलं. प्रभावतीनं चहा ठेवला आणि आत निघून गेली, तिला हा विषय नको असायचा. काका म्हणाले, "मॅडम, आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. भूत-बित मानत न्हाई."

"मग मागे कोण असतं?"

"कुणीतरी असतं. असलं तर असू द्या. रांगेतल्या माणसाला, तू कोण, म्हणून विचारत्यात का?"

"तुम्ही मागे वळून बघता?"

"न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. "बगितलं, आन् मागं कुणीच नसलं, तर?"

मग काका हळू आवाजात म्हणाले, "येतो तो टायमात, मॅडम. दरवेळी येतो. पण माझा नंबर लागतो, मी आत जातो, आन् माझ्या मागं खोलीचं दार लागतं. तो तिथंच ऱ्हातो. एकदा आत गेला म्हंजे झालं." मी म्हटलं नाही, पण मनात आलंच की आत जाऊन तरी तो काय करणार. यादीतून त्याचं नाव मीच काढलं होतं.

काकांच्या मागच्या खोलीत स्वरूपा नावाची भाडेकरू राहायची. परभणीकडची, तेवीस वर्षांची, दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला. मूलबाळ नसलेल्या काका-काकूंचा तिच्यावर जीव होता. तिचाही फॉर्म मी भरला, आणि या वेळी पहिल्याच फेरीत भरला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभेला तिचं पहिलं मत होतं. तिच्याही कंपनीत तेच. कंत्राटी मुलींना सुट्टी नाही, चार वाजता पास मिळेल. सकाळी ती स्कूटी काढत असताना काकांनी तिला दोनदा बजावलं होतं, सही सकाळीच घेऊन ठेव. ती हसून "हो काका" म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी सकाळी मशीन सव्वा तास बंद पडलं. दुपारी चारला रांग रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यापर्यंत गेली होती. लोक माझ्यावर ओरडत होते, मी त्यांच्यावर ओरडत होते. दोन बायका कंटाळून परत निघाल्या, त्यांना काकांनीच समजावून थांबवलं. मधूनमधून ते रस्त्याकडे बघायचे. चार वाजले, साडेचार झाले, पाच झाले.

पाच वीसला त्यांचा फोन वाजला. मी शेजारीच होते, तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. "काका, पास भेटलाय, पण सही राहिली. सर मीटिंगमधी हायेत. गेटवर अडवायलेत की हो."

काकांचा चेहरा असा झाला की मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. म्हणाले, "फोन त्या गेटवाल्याला दे." पलीकडे एक तरणा आवाज आला. काका म्हणाले, "भाऊ, मी भीमराज. बावीस वरसं गेटवर होतो. तुझ्या पाया पडतो, सोड तिला." तो आवाज अदबीनं म्हणाला, "काका, तुम्हाला तर माहिती आहे. सहीशिवाय कसं सोडू? माझी नोकरी जाईल."

काका फोन तसाच कानाशी धरून उभे राहिले.

पाच अडतीसला पुन्हा फोन. "सुटले काका! येते!" आणि काका ओरडले, "हळू ये! मत ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे, गाडी हळू—" फोन आधीच बंद झाला होता. त्यांनी पुन्हा लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ती फोन उचलत नसे, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"त्याच टायमाला," ते मला म्हणाले. "मॅडम, त्याच टायमाला निघाली."

मी म्हटलं, काही होत नाही काका. माझ्याच तोंडात ते खोटं वाटलं.

सहाला दहा कमी असताना रांग कशीबशी गेटाच्या आत आली. नोव्हेंबरचा उजेड बघता बघता गेला. गेटावरचा दिवा लागला नव्हता. काका टोकाला उभे होते, गेटाच्या मधोमध, नेहमीसारखे रस्त्याकडे पाठ करून. त्यांच्या पलीकडे मोकळा रस्ता. मी पाण्याची बाटली द्यायला गेले आणि मला वास आला. मशीनवर काम करणाऱ्यांच्या कपड्यांना येतो तो कूलंटचा आंबूस, तेलकट वास. काकांना रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, आणि गेटवरच्या माणसाच्या कपड्यांना तो वास कधी येतही नाही. मग एक आवाज. सायकल हातात धरून सावकाश चालवली की मागच्या चाकाचा येतो तो, टिक, टिक, टिक. माझ्या अगदी जवळून गेला आणि काकांच्या मागे येऊन थांबला.

मी बाटली तशीच हातात घेऊन दोन पावलं मागे सरकले.

जवळच्या कंपनीचा सहाचा भोंगा झाला. केंद्राध्यक्ष सोपानराव बाहेर आले. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारे, चष्मा नाकावर, शिस्तीचे गृहस्थ. हवालदारानं काकांना आत घेतलं, गेटाचं दार ओढलं, आणि मधेच थांबला. दार अर्धवट धरून क्षणभर उभा राहिला, आपण कुणाला तरी आत येऊ देताना थांबतो ना, तसा. मग त्यानं दार लावलं. नंतर मी त्याला विचारलं, का थांबलास? तो म्हणाला, कुठे थांबलो?

सोपानराव काकांच्या मागे गेले. मी चार हातांवर होते. त्यांनी गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी काढली, हात पुढे केला, आणि हात रिकामा परत आला. मी जमिनीकडे बघितलं. चिठ्ठी पडली नव्हती. मग त्यांनी काकांना चिठ्ठी दिली आणि त्यांच्या पुढच्या बाईकडे गेले. काकांनी आपली चिठ्ठी बघितलीसुद्धा नाही. मी बघितली. दोन.

सहा वाजून चार मिनिटांनी रस्त्याच्या बाजूनं सायरन ऐकू आला. गेटाबाहेरून एकजण मोटरसायकलवर ओरडत गेला, वळणावर कंटेनर आडवा झालाय, तिकडून जाऊ नका.

काका रांग सोडून गेटाकडे धावले. हवालदाराला म्हणाले, "उघडा." तो म्हणाला, "काका, बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही. मत जाईल तुमचं." काका म्हणाले, "जाऊ द्या. माझी पोरगी तिकडं हाय." चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात कोंबली. बाबासाहेबांनी दिलेलं मत म्हणून ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक मतदान चुकवलं नाही, तो ते टाकून निघाला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. हवालदारानं कडीला हात घातला.

तेवढ्यात बाहेरून गेट वाजलं. "काका! ओ काका!"

स्वरूपा होती. स्कूटी शेताच्या बांधावरून काढून आलेली, धुळीनं माखलेली, हेल्मेट हातात, धापा टाकत. धडधाकट. काकांनी दोन्ही हातांनी गजांतून तिचे खांदे धरले.

हवालदार म्हणाला, "ताई, वेळ संपली. सहाच्या आत रांगेत पाहिजे होतं." त्याचंही बरोबर होतं. तेव्हा तिनं गजांतून हात आत घातला आणि म्हणाली, "पण माझा नंबर लागलाय ना. हे बघा की."

तिच्या हातात चिठ्ठी होती. नंबर एक. खाली सोपानरावांची सही.

सोपानरावांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. चिठ्ठी उलटून बघितली. "सही माझीच आहे," ते म्हणाले. "पण ही तर मी आत दिली होती... इथेच..." त्यांनी काकांच्या मागच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं आणि ते बोट तसंच राहिलं. मग त्यांनी तिचं ओळखपत्र मागितलं. मी यादी उघडली. माझ्याच अक्षरातली तिच्या नावापुढची पेन्सिलची खूण दाखवली. ते म्हणाले, "एक नंबरची चिठ्ठी हिच्याकडे आहे. आत घ्या." नियमात बसतं की नाही हे मला विचारू नका. चौदा वर्षांत मी असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला नाही.

"कुणी दिली ही?" काकांनी तिला विचारलं. आवाज अगदी बारीक.

"तो वळणावरचा दादा. निळ्या शर्टातला," ती म्हणाली. "जाम लागला होता. कंटेनर नि कठड्याच्या मधून बारकी वाट होती, मी तिथून गाडी घालायलेच होते. तर हा सायकल घेऊन पुढ्यात उभा. हँडलच धरलं माझं. म्हणाला, गडबड करू नका ताई, नंबर लागलाय तुमचा. आन् हे हातात दिलं. तेवढ्यात तो कंटेनर मागं सरकला की हो काका, सगळा कठडा दाबला. मी तिथंच असते..." ती थांबली.

"किती वाजले होते?" मी विचारलं.

"सहाचा भोंगा झाला बघा, तेव्हाच."

शाळेपासून ते वळण दोन किलोमीटरवर आहे.

काका म्हणाले, "अजून काय म्हणाला?"

"मी म्हणलं, दादा, हे काय आहे, हे चालतं का? तर हसला. गालाला खळी पडली. म्हणाला, चालतं. ह्याच्यावर सही हाय."

भीमराजकाका शाळेच्या पायरीवर बसले. चेहरा हातांत धरून मोठ्यानं रडले, लहान पोरासारखे. मी त्यांची चिठ्ठी त्यांच्या खिशात परत ठेवली आणि शेजारी बसून पेढ्यांचं सांगितलं. दहा वर्षं उशिरानं सांगितलं.

पावणेआठला त्यांचा नंबर लागला. स्वरूपा म्हणाली, काका, मी पुढे जाऊ का, तुम्ही नेहमी शेवटी राहता ना? काका म्हणाले, "न्हाई. तू माझ्या मागं ऱ्हा. ती जागा त्यानं तुला दिलीय." आत काकांनी मत दिलं, मग तिनं दिलं, मग खोलीचं दार लागलं. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा त्या पहिल्यांदाच पुऱ्या भरल्या.

यंदा जिल्हा परिषदेच्या मतदानाची वेळ साडेपाचलाच संपत होती. काका आले होते, आता काठी घेऊन. स्वरूपानं सकाळीच मत दिलं होतं. सव्वापाचला ते उठून टोकाला उभे राहिले. केंद्राध्यक्ष नवीन होत्या, कॉलेजातल्या. गेट लागायच्या आधीच त्या मागे गेल्या, काकांसमोर थांबल्या आणि चिठ्ठी दिली. काकांनी ती डोळ्यांजवळ नेली. मग मला दाखवली. एक.

ते वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना रांगेत मागे वळून बघताना पहिल्यांदा बघितलं. मागे रस्ता होता, एक टेम्पो गेला, थोडी धूळ उडाली. कुणी नव्हतं. काका बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, पुन्हा गेटात उभे राहतात की काय.

पण ते स्वतःच्या पायांनी आत आले आणि हवालदाराला म्हणाले, "लावा आता गेट."